बोन मॅरो ट्रान्सप्लांट: आई-वडिलांच्या आजारात मुलांचे काम

आईच्या किंवा वडिलांच्या ल्युकेमियाला ‘बीएमटी करावी लागेल’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा बहुतेक घरांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर येते. प्रत्यक्षात त्या दिवशी रुग्णाच्या अंगाला सुरी लागत नाही. रक्तासारखी दिसणारी एक पिशवी सलाईनच्या स्टँडला टांगतात आणि ती तास-दोन तासांत संपते. खरे काम त्या पिशवीच्या आधीच्या काही आठवड्यांत आणि नंतरच्या वर्षभरात असते, आणि त्यातला मोठा वाटा घरचे लोक उचलतात. म्हणून घरच्यांची सोबत हा उपचाराचाच भाग धरायला हवा. तिचे नियोजन औषधांइतके काटेकोर हवे आणि ते रुग्ण भरती होण्याआधी व्हायला हवे. आपल्याकडे ते होत नाही. जो समोर असतो त्याच्या अंगावर सगळे पडते, आणि तो समोर असलेला बहुधा मुलगा, मुलगी किंवा सून असते.

सगळ्याच ल्युकेमियांना ट्रान्सप्लांट लागत नाही. सीएमएल या संथ प्रकारात २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली, आणि ज्यांना पूर्वी ट्रान्सप्लांटवाचून गत्यंतर नव्हते असे बहुतेक रुग्ण आज रोजच्या गोळीवर आपापली कामे करतात. प्रश्न येतो तो मुख्यतः एएमएल आणि मोठ्या माणसांतला एएलएल या तीव्र प्रकारांत. किमोथेरपीने आजार दबतो, पण तो उलटण्याची भीती राहते. ती किती आहे हे कॅन्सर पेशींतल्या जनुकीय बदलांवरून आणि उपचारानंतर उरलेल्या पेशी शोधणाऱ्या एमआरडी तपासणीवरून ठरते. भीती मोठी असेल तर दुसऱ्याच्या पेशी द्याव्या लागतात. त्या नवे रक्त तर बनवतातच, शिवाय लपून राहिलेल्या कॅन्सर पेशींना परके समजून मारतात. ट्रान्सप्लांटची ताकद यात आहे, आणि धोकाही यातच आहे. याच पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर चालून जातात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि पुढचे वर्षभर घरात हा शब्द सारखा कानावर पडतो.

भारतात एएमएल पाश्चात्त्य देशांच्या मानाने तरुण वयात आढळतो. आपल्याकडे वॉर्डात चाळिशी-पन्नाशीतले आई-वडील पुष्कळ दिसतात. त्यांची मुले कॉलेजात असतात, नाहीतर नोकरीच्या पहिल्या वर्षांत. बँकेत शिल्लक नाही, रजा नाही, निर्णय घेण्याची सवय नाही, आणि तरी संमतीपत्रावर सही त्यांचीच.

उपचार म्हणून ट्रान्सप्लांटचा इतिहास फार जुना नाही. डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५६ साली अमेरिकेत ल्युकेमियाच्या रुग्णाला त्याच्या जुळ्या भावंडाची मज्जा दिली, आणि या कामासाठी १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे काम १९८६ पासून चालते. टाटाचा बीएमटी विभाग आता खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या केंद्रात आहे, आणि पुण्या-मुंबईच्या काही खासगी व धर्मादाय रुग्णालयांतही ही सोय आहे. लातूर, नंदुरबार, गडचिरोलीच्या रुग्णाला मात्र आजही घर सोडून काही महिने शहरात राहावेच लागते.

आता दात्याविषयी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत सगळ्यांत मोठा बदल इथे झाला आहे, आणि मुलांच्या आयुष्यावर त्याचाच परिणाम सर्वाधिक आहे.

पूर्वी दाता म्हणजे पूर्ण जुळणारे सख्खे भावंड. एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. त्यांतला अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. म्हणून एका भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. मुलाचे आईशी किंवा वडिलांशी जुळणे मात्र जवळपास नेहमी अर्धेच असते. त्यामुळे त्या काळी मुलांना दाते म्हणून कोणी विचारत नसे. मग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी एक पद्धत रुळवली: पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुने, स्वस्त औषध द्यायचे. रुग्णाच्या शरीराविरुद्ध सर्वांत चवताळलेल्या पेशी त्याने मरतात आणि अर्धी जुळणारी मज्जाही चालून जाते. औषध स्वस्त असल्याने ‘हाफ मॅच’ भारतात झपाट्याने पसरले. साठीच्या मधुमेही मोठ्या भावाची पूर्ण जुळणारी मज्जा घ्यावी की पंचविशीतल्या मुलाची अर्धी जुळणारी, यावर आज डॉक्टर गंभीरपणे विचार करतात.

दात्याला करावे लागते ते असे. मूळ पेशी रक्तात उतरवणाऱ्या जी-सीएसएफची इंजेक्शने चार-पाच दिवस घ्यायची, अंग-कंबर दुखते, त्यावर पॅरासिटामॉल चालते. मग चार-पाच तास यंत्राला जोडून रक्तातल्या मूळ पेशी वेगळ्या काढतात, बाकीचे रक्त परत देतात. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. शरीर ती भर काही आठवड्यांत काढते. हाडे पोकळ होणे, मूल न होणे, कायमचा अशक्तपणा येणे यांतले काहीही होत नाही. तरीही मुलगी दाता असेल तर ‘तिच्या लग्नाचे कसे’ आणि विवाहित असेल तर ‘सासरी विचारले का’ हे प्रश्न उठतात. सज्ञान मुलीच्या शरीराचा निर्णय तिचा आहे. बाकीच्यांनी गप्प बसावे.

काही गोष्टी आधी कळल्या तर घरातले गैरसमज टळतात. वडिलांसाठी अनेकदा मुलीऐवजी मुलाला पसंती दिली जाते. याला वैद्यकीय कारण आहे: बाळंतपण झालेल्या स्त्रीच्या पेशींमुळे पुरुष रुग्णात जीव्हीएचडीचा धोका वाढतो. आईच्या बाबतीत तर निराळीच अडचण असते. गरोदरपणी मुलांच्या पेशींविरुद्ध तिच्या रक्तात अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात, आणि त्यामुळे पोटच्या मुलाची मज्जा तिचे शरीर नाकारू शकते. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी असते. ती झाली का, हे विचारावे. आणि ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर रक्ताच्या नात्यातल्या कोणाचेही रक्त रुग्णाला चढवू नये. ‘मुलाचेच रक्त द्या’ असा आग्रह आपल्याकडे फार असतो. मुलाने रक्तपेढीत जरूर रक्त द्यावे, पण ती पिशवी दुसऱ्या कोणाला जावी.

दाता आणि मुख्य सोबती एकच माणूस नसावा, असे मला ठामपणे वाटते. इंजेक्शनांनी अंग ठणकत असलेल्या मुलाने रात्रभर खुर्चीत बसून सकाळी यंत्राला जोडून घ्यायचे आणि दुपारी बिलाच्या रांगेत उभे राहायचे, हे चूक आहे. शिवाय दात्याचे एक ओझे दिसत नाही. आजार उलटला किंवा जीव्हीएचडी भडकला तर ‘माझ्याच पेशींनी आईला त्रास दिला’ असे त्याला वाटत राहते. डॉक्टरांनी त्याच्याशी स्वतंत्रपणे, नातेवाइकांना बाहेर ठेवून बोलावे. नको म्हणण्याची मुभा त्यालाही असली पाहिजे, आणि त्याने नाही म्हटलेच तर ते घरात उघड होता कामा नये.

परदेशात असलेल्या मुलांचा प्रश्नही हल्ली येतो. तपासणीचा नमुना तिथून पाठवता येतो; पेशी देण्यासाठी मात्र त्याला दोन-तीन आठवडे इथे येऊन राहावे लागते. न्यू जर्सीतल्या मुलाने पैसे पाठवायचे आणि साताऱ्यातल्या मुलीने सगळे करायचे, ही वाटणी अनेक घरांत कोणी न ठरवताच होते. ती ठरवून व्हावी. दूर असलेल्याला विम्याचा पत्रव्यवहार, बिलांची तपासणी, नातेवाइकांचे फोन, आणि सुट्टी काढून येऊन बहिणीला पंधरा दिवसांची पूर्ण विश्रांती देणे हे सगळे जमते.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. खासगी रुग्णालयात पूर्ण जुळणाऱ्या भावंडाचा ट्रान्सप्लांट साधारण पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो, हाफ मॅच त्याहून बराच वर, आणि गुंतागुंत झाली की अंदाजपत्रक कोलमडते. नंतरच्या वर्षभराची औषधे आणि तपासण्या अनेकदा त्या ‘पॅकेज’मध्ये धरलेल्या नसतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री आणि पंतप्रधान सहायता निधी, धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा, सिद्धिविनायक न्यासासारख्या संस्था यांतून तुकड्या-तुकड्याने मदत उभी राहते. रुग्णालयातले वैद्यकीय समाजसेवक हे अर्ज कसे लावायचे ते सांगतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात भेटावे, पैसे संपल्यावर नव्हे. राहण्यासाठी मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी हजारो कुटुंबांना आधार दिला आहे. ट्रान्सप्लांटनंतर मात्र रुग्णाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र स्वच्छतागृह लागते, त्यामुळे भाड्याच्या घराची तजवीज वेगळी करावी.

वॉर्डातले दिवस कठीण असतात, पण तिथे निदान परिचारिका असतात. सुमारे आठवडाभर जबर किमो, काहींना किरणोपचार. मग डे झीरो, म्हणजे पेशी देण्याचा दिवस. मग रक्तपेशींचे काउंट शून्याजवळ. हवा गाळून येणारी बंद खोली आणि एकच अ‍ॅटेंडंट. तोंड आतून सोलवटते, गिळता येत नाही, बोलता येत नाही; पाटी-पेन्सिल उशाशी ठेवलेली बरी. वेदनेसाठी मॉर्फिन दिले तर घाबरू नये, त्याने व्यसन लागत नाही. रोज प्लेटलेट लागतात, आणि त्या पाचच दिवस टिकत असल्याने साठवून ठेवता येत नाहीत. रक्तगट जुळणाऱ्या एसडीपी (एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट) दात्यांची यादी आधीच तयार हवी, आणि इथेही नात्याबाहेरचे दाते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की ‘काउंट आले’ म्हणतात. त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

सोबत्याचे वॉर्डातले काम वरकरणी क्षुल्लक दिसते: गुळण्यांची आठवण, खाल्ले-प्यालेले आणि लघवी मोजून लिहिणे, दिवसातून दोनदा खोलीतल्या खोलीत चालवणे. त्यात मोठा प्रश्न लाजेचा असतो. मुलीसमोर शौचाचे भांडे मागायला वडिलांना जीव नकोसा होतो. आईला मुलाच्या हातून अंग पुसून घेणे अवघड जाते. शक्य असेल तर पाळ्या लावताना याचा विचार करावा, नाहीतर परिचारिकेला आधीच सांगून ठेवावे. स्टिरॉइडने शांत स्वभावाचे वडील अकारण चिडतात, रात्रभर जागतात, कधी भलतेच बोलतात. तो औषधाचा परिणाम असतो. मनाला लावून घेऊ नये, पण डॉक्टरांना लगेच सांगावे.

घरी सोडतात तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते. माझ्या मते अवघड भाग तिथूनच सुरू होतो. पहिले शंभर दिवस रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरात राहायचे असते आणि परिचारिकेचे काम आता मुलीला किंवा सुनेला करायचे असते. अमेरिकेत अनेक केंद्रे या काळासाठी चोवीस तासांचा सोबती नक्की झाल्याशिवाय ट्रान्सप्लांटची तारीखच देत नाहीत. आपल्याकडे असा आग्रह धरला तर गरिबांची वाट बंद होईल, हे खरे. पण ‘घरी कोण आहे, ती व्यक्ती नोकरी कशी सांभाळणार, तिच्या बदली कोण’ एवढे तरी विचारलेच पाहिजे.

या दिवसांत थर्मामीटर हाताशी हवा. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचे. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचे नाही. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ही औषधे बारा-बारा तासांच्या अंतराने काटेकोर द्यायची. त्यांची रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी नमुना सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचा असतो. घरातून गोळी देऊन निघाले की तपासणी फुकट जाते आणि त्या आकड्यावर चुकीचा डोस ठरू शकतो. पपनस आणि ग्रेपफ्रूटने या औषधांची पातळी वाढते, म्हणून ती फळे बंद. गुळवेलीचा काढा कोणीतरी प्रेमाने आणतेच. प्रतिकारशक्ती चेतवणारी वस्तू इथे जीव्हीएचडीला खतपाणी ठरू शकते, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांतल्या यकृताच्या इजेची नोंद प्रसिद्ध केली आहे. तो काढा मोरीत ओतावा.

अन्नाबद्दलचे नियम केंद्रागणिक बदलतात. कडक पथ्याने इन्फेक्शन कमी होते असे अलीकडच्या अभ्यासांत दिसलेले नाही, पण ताजे, पूर्ण शिजलेले, गरम अन्न यावर सगळ्यांचे एकमत आहे. मऊ भात, वरण, कुकरमधली भाजी, आणि ती करणाऱ्याचे स्वच्छ हात. कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, बाहेरचा उसाचा रस, देवळातले तीर्थ हे सगळे थांबते. कबुतरांची विष्ठा, शेजारच्या फ्लॅटमधले तोडफोडीचे काम, दिवाळीची साफसफाई यांतून बुरशीचे इन्फेक्शन येऊ शकते, आणि ते जिवावर बेतते.

भेटायला येणाऱ्या नातेवाइकांचे काय करायचे? आजारी माणसाला भेटायला न जाणे आपल्याकडे अपमान समजला जातो. दारात पेढे घेऊन उभ्या असलेल्या मावशींना ‘आत येऊ नका’ सांगणे तिशीतल्या मुलीला कठीण जाते. हे काम घरातल्या कोणा वडीलधाऱ्याने अंगावर घ्यावे. रुग्णालयाने छापील सूचना दारावर लावायला दिली तर फार सोपे होते.

जीव्हीएचडीची सुरुवात घरचेच आधी ओळखतात: तळहातांवर पुरळ, पातळ जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा. पुढे जुनाट प्रकारात डोळे कोरडे पडतात, तोंड तिखट सोसत नाही, कातडी ताठरते, जिना चढताना दम लागतो. स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या जीव्हीएचडीसाठी रुक्सोलिटिनिबसारखी औषधे आता आहेत. रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो, लहानपणी मिळालेले लसींचे संरक्षण ओसरते आणि लसी पुन्हा घ्याव्या लागतात. जिवंत लसी तर दोन वर्षांनंतरच. पूर्ववत व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते, आणि काहींच्या बाबतीत तसे कधीच होत नाही. काहींचा आजार उलटतो. काही जण उपचारातच जातात.

म्हणूनच सत्य सांगण्याचा मुद्दा टाळता येत नाही. ‘बाबांना कळू देऊ नका, खचतील’ हे वाक्य प्रत्येक कॅन्सर रुग्णालयाच्या ओपीडीत ऐकू येते. ते प्रेमातून येते, पण बीएमटीत ते चालू शकत नाही. ज्या माणसाला महिनाभर बंद खोलीत राहायचे आहे, रोज मूठभर गोळ्या घ्यायच्या आहेत, त्याला कशासाठी ते माहीत असलेच पाहिजे. आणि त्याला कळत नाही असे समजणे हा आपला भ्रम असतो. तो मुलांकडे पाहून गप्प राहतो. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात, आणि शक्यतो रुग्णाच्या समोर: या वयात, या प्रकारात, तुमच्या केंद्रात उपचारातच मृत्यू येण्याची शक्यता किती, आजार उलटण्याची किती, आणि ट्रान्सप्लांट न केल्यास पुढे काय. आई म्हणाली, ‘मला नको, तुमचा संसार बुडवून मला जगायचे नाही’, तर ते पैशांच्या भीतीने आहे की तिचा खरोखरचा विचार आहे, हे शांतपणे बोलून पाहावे. खरोखरचा विचार असेल तर तो मानावा. शेवटच्या उपचारांविषयीची इच्छा आधी लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली. ही चर्चा वॉर्डात जाण्यापूर्वी करता येते.

सोबत्याची काळजी कोण घेणार, यावर आपल्याकडे बोललेच जात नाही. २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात बोस्टनमधल्या १६० ट्रान्सप्लांट रुग्णांचा अभ्यास आला. वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या पथकाने वॉर्डात सुरुवातीपासून लक्ष दिलेल्या रुग्णांची स्थिती दुसऱ्या आठवड्यात तुलनेने चांगली राहिली, आणि त्यांच्या घरच्यांतली नैराश्याची लक्षणेही कमी वाढली. पॅलिएटिव्ह म्हणजे आशा सोडणे, हा समज त्यामुळे टाकून द्यायला हवा. आपल्या बीएमटी केंद्रांनी हे पथक पहिल्या दिवसापासून जोडावे. रजेचा प्रश्न त्याहून अडलेला आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळते. आजारी आई-वडिलांसाठी तशी वेगळी रजा नाही. खासगी नोकरीत तर मालकाच्या मर्जीवर. पंचविशीत आईच्या पायाशी वर्ष घालवलेल्या मुलीला पुढे नोकरी शोधताना त्या वर्षाचा हिशेब द्यावा लागतो. या रजेची मागणी कामगार संघटनांनी आणि आमदार-खासदारांनी लावून धरावी.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी हा आजार नाही, त्यांच्यासाठी दोन कामे आहेत. जगभरच्या नोंदणीत ४ कोटींहून अधिक मज्जादाते आहेत, त्यात भारतीय फक्त काही लाख. एचएलए समाजागणिक बदलते, म्हणून मराठी रुग्णाला नात्याबाहेरचा दाता मिळण्याची शक्यता मराठी माणसांतच जास्त. वय १८ ते ५० च्या आत असेल आणि प्रकृती ठीक असेल तर ‘दात्री’ किंवा ‘डीकेएमएस फाउंडेशन इंडिया’कडे गालाच्या आतला नमुना देऊन नाव नोंदवा, आणि बोलावणे आले तर मागे फिरू नका, ऐन वेळी दात्याने नाही म्हटले आणि तोवर रुग्णाची किमो झालेली असली, तर त्याचा जीव जाऊ शकतो. दुसरे काम याहून सोपे आहे: जवळच्या रक्तपेढीत प्लेटलेट दाता म्हणून फोन नंबर देऊन ठेवा.